पथकात गेलेला मुलगा वाया जात नाही

दरवर्षी गुरुपौर्णिमा उलटली की ठाण्यात एक ठरावीक तक्रार ऐकू यायला लागते. गल्लीत नारळ फुटलेला असतो, दहीहंडीच्या गोविंदा पथकांचा सराव सुरू झालेला असतो, आणि शिकल्यासवरल्या घरांतून, सोसायट्यांच्या बैठकांतून, आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतूनही एकच सूर निघतो: कॉलेजातली पोरं पथकात गेली की वाया जातात. आता अभ्यास संपला. आता ही रात्री अकरापर्यंत नाक्यावर असणार, पुढाऱ्याचा फोटो छापलेला टी-शर्ट घालणार, दारू पिणार, मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून ओरडत फिरणार आणि एक दिवस हातपाय मोडून घेणार. टेंभी नाक्याचं नाव निघालं की तक्रारीला आणखी धार चढते. तिथली पोरं म्हणजे कुणाच्या तरी पदरची, इशारा झाला की धावून जाणारी, असं मोठ्या खात्रीने सांगितलं जातं.

मी ठाण्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवते आणि चरईत राहते. टेंभी नाका घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी काही जण रात्री आमच्या खिडकीखाली थर लावतात. त्यामुळे हे मत मला नुसतं चुकीचं वाटत नाही, त्याचा संताप येतो. हे मत बाळगणाऱ्यांनी ही मुलं पाहिलेली असतात ती वर्षातून एका दिवशी, ट्रकवर, डीजेच्या आवाजात, गाडीची काच वर करून. बाकीचे दिवस ही मुलं काय करतात याची चौकशी त्यांनी कधी केलेली नसते, आणि तरीही निकाल देऊन ते मोकळे झालेले असतात.

सराव कसा असतो ते सांगते. रात्री नऊ-साडेनऊनंतर मुलं जमायला लागतात. त्याआधी शक्यच नसतं. कुणी कॉलेज करून दुकानात काम करतो, कुणी घरोघरी पार्सलं पोचवून आलेला असतो, कुणी कल्याणहून नाहीतर डोंबिवलीहून लोकलने येतो. जागा परवडली नाही म्हणून घर तिकडे गेलं, पथक मात्र जुन्या गल्लीतलंच राहिलं. आल्यावर आधी घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढायची. पट्टा काढायचा. पायाची नखं वाढलेली असली तर खांद्यावर चढू देत नाहीत, कारण ती खालच्याच्या मानेला लागतात. मग वजन आणि उंची पाहून जागा ठरते. सगळ्यात खाली धिप्पाड, दमदार गडी आणि त्यांच्याभोवती हात वर करून रेटा देणाऱ्यांचा घेर. या घेरातल्या मुलाला वर काय चाललंय ते अजिबात दिसत नाही. त्याची मान खाली असते, कपाळ पुढच्याच्या पाठीला टेकलेलं असतं, आणि कानावर पडणाऱ्या सूचनेवर भरवसा ठेवून तो उभा असतो. हंडी फुटते तीसुद्धा त्याला आवाजावरूनच कळते. फोटोत तो कधीच येत नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहतो.

वरचे थर आधी बसून घेतात, मग शिट्टी झाली की एकेक थर उठतो. कुणाचा खांदा थरथरायला लागला तर त्याने तसं ओरडून सांगायचं असतं. सांगितलं की थर उतरवतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. वीस वर्षांचा, व्यायामाचा अभिमान असलेला मुलगा शेजारपाजाऱ्यांच्या देखत ‘मला पेलत नाहीये’ असं ओरडून सांगतो, आणि त्याला कुणी हसत नाही. माझ्या वर्गात ‘मॅडम, मला हे समजलं नाही’ एवढं म्हणायला मुलं वर्ष-वर्ष घेतात.

आता आरोपांकडे येते. पहिला, अभ्यास बुडतो. सराव चालतो गुरुपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत, म्हणजे सव्वा महिना, रात्रीचे दोन तास. तेवढ्याने ज्याचा अभ्यास बुडतो त्याचा अभ्यास आधीच बुडालेला असतो. माझ्या वर्गातली मुलं कशाने नापास होतात ते मला ठाऊक आहे. मराठी शाळेतून आल्यावर एकदम सगळं इंग्रजीत अंगावर येतं म्हणून होतात. सकाळी दूध-पेपर टाकून, दुपारी कॉलेज करून, संध्याकाळी मॉलमध्ये उभं राहून घरी पोचेपर्यंत पुस्तक उघडायचं त्राण उरत नाही म्हणून होतात. टिटवाळा-बदलापूरकडून येणाऱ्यांचा रोजचा बराच वेळ गाडीत लोंबकळण्यात जातो म्हणून होतात. यातल्या एकाही कारणाबद्दल पालकसभेत कुणी तावातावाने बोललेलं मी ऐकलं नाही. सगळ्यांचं बोट पथकाकडे, कारण पथकाकडे बोट दाखवायला काही खर्च येत नाही. शिकवणीची, वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

दुसरा आरोप दारूचा, दंग्याचा आणि छेडछाडीचा. आधी साधा हिशेब पाहा. सहा-सात माणसांचं ओझं एकावर एक रचलेलं असताना खालचा एक जण झोकांड्या खात असेल, तर थर उभा राहील का? पथक चालवणारा माणूस प्यायलेल्या मुलाला घेराजवळ फिरकू देत नाही. त्यात नीतीचा प्रश्न नंतर येतो, आधी वरच्या मुलाच्या जिवाचा येतो. हंडीच्या दिवशी रस्त्यावर दारू पिऊन धिंगाणा घालणारे असतात, हे मी नाकारत नाही. हेल्मेट न घालता तिघं बसून जाणारे असतात, त्यांना पोलिसांनी दंड करावा, गाड्या जप्त कराव्यात. पण टी-शर्ट घालून फिरणारा प्रत्येक जण थराला लागत नाही. महिनाभर घाम गाळणारा वेगळा आणि त्या एका दिवसापुरता ट्रकवर चढणारा वेगळा. पहिल्याला त्याच्या गल्लीतलं प्रत्येक घर नावाने ओळखतं, दुसऱ्याला कुणीच ओळखत नाही. बाई म्हणून मी एवढं सांगते की सराव चालू असलेल्या गल्लीतून रात्री साडेदहाला जाताना मला जेवढं निर्धास्त वाटतं, तेवढं ओस पडलेल्या गल्लीतून जाताना वाटत नाही.

इथे कुणीतरी २००१ ची आठवण काढणार, आणि ती काढलीच पाहिजे. २६ ऑगस्ट २००१ ला शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे रुग्णालयात वारले आणि त्या रात्री संतापलेल्या लोकांनी ते रुग्णालय पेटवून दिलं. आजारी माणसं ज्या इमारतीत पडलेली आहेत तिला आग लावणं अक्षम्य होतं आणि आजही आहे. ठाण्याच्या माणसाने ते विसरू नये. पण त्या रात्री जे जमले त्याला जमाव म्हणतात. जमावात कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी कुणाला जबाबदार नसतो, आणि ‘थांबा, मला पेलत नाहीये’ असं म्हणण्याची सोय नसते. पथकात यातलं प्रत्येक उलटं आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, प्रत्येकाचं नाव माहीत असतं, चुकला तर कोण चुकला ते त्याच क्षणी कळतं आणि एकाच्या सांगण्यावर शंभर जण थांबतात. या दोहोंना एका मापाने मोजणाऱ्याने दोन्ही नीट पाहिलेले नाहीत.

टेंभी नाक्याला तर चित्रपटांनीही साधं राहू दिलेलं नाही. दिघे यांच्यावरच्या २०२२ च्या ‘धर्मवीर’नंतर आणि २०२४ मधल्या त्याच्या दुसऱ्या भागानंतर या नाक्याकडे लोक दोनच नजरांनी बघायला लागले आहेत. एक भक्तीने ओथंबलेली, दुसरी तिरस्काराने भरलेली. दोन्हींत मधला साधा मुलगा हरवून जातो. १९७८ मध्ये दिघे यांनी इथे नवरात्रोत्सव सुरू केला. कळव्याहून देवीची मिरवणूक येते तेव्हा लाखो लोक रस्त्यावर असतात. त्या गर्दीत दोर धरून लहान मुलांना, म्हाताऱ्यांना वाट करून देणारी पोरं कोण असतात? दिघे यांच्या आनंदाश्रमाच्या पायऱ्यांवर गाऱ्हाणी घेऊन लोक येत, तेव्हा इस्पितळात, पोलीस ठाण्यात, रेशनच्या दुकानात त्यांच्याबरोबर कोण जायचं? त्या राजकारणाबद्दल माझे मतभेद आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. पण या शहरात रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी हवी असली तर फोन कुणाला करायचा, हे ज्यांना ठाऊक आहे ते या पोरांना उनाड म्हणत नाहीत.

म्हणजे ती पुढाऱ्यांची भाडोत्री झाली ना, असा तिसरा आरोप येतो. टी-शर्ट पुढाऱ्याने दिलेला असतो, ट्रक त्याचा असतो, बक्षीस त्याचं असतं. खरं आहे. टेंभी नाका, जांभळी नाका, नौपाड्यातलं भगवती मैदान, वर्तकनगर, ठाण्यातल्या मोठ्या हंड्या कुणाच्या हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल. पण मग प्रश्न पुढाऱ्याला विचारा. पथकाने सव्वा महिना चहा-पाणी, गाद्या, हेल्मेटं, प्रवास कशातून भागवायचं? पालिकेने त्यांना सरावाला मैदान दिलं आहे का? एखाद्या कॉलेजाने आपलं पटांगण उघडलं आहे का? क्रिकेटच्या सामन्यात खेळाडूच्या छातीवर कंपनीचं नाव असतं, तेव्हा तो खेळाडू भाडोत्री ठरत नाही. आमच्या गल्लीतला मुलगा मात्र एका टी-शर्टने विकला जातो. ही मुलं एकाच दिवशी चार पक्षांच्या चार हंड्यांना सलामी देतात, आणि मतदान करताना आपापल्या डोक्याने करतात. त्यांना एवढी अक्कल नाही असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

२०२२ मध्ये विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, त्याबरोबर गोविंदांना सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणाही झाली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं त्यावर चिडली, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. मलाही ती घोषणा पटली नाही. पण त्या रागाचे फटके पथकांतल्या पोरांना बसले, हे मी वर्गात पाहिलं. मागितलं होतं त्यांनी विमा, गादी आणि सरावाची जागा. नोकरीची घोषणा त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी केली.

चौथा आरोप सगळ्यांत गंभीर, आणि त्याच्यापाशी मी थांबणार आहे. हा खेळ जीव घेतो. हो, घेतो. २०२५ च्या गोकुळाष्टमीला एकट्या मुंबईत तीनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले. त्याआधी काही दिवस दहिसरला सराव करताना अकरा वर्षांचा मुलगा वरून पडून गेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवायला बंदी असताना तो चढवला गेला होता. त्या मुलाला चढवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, कुणीही घेऊ नये.

पण थर इतके वर का गेले, याचं उत्तर पोरांच्या मस्तीत शोधणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचा इतिहास चाळावा. २०१२ मध्ये ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फुटांची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली आणि हंड्यांच्या दोऱ्या दरवर्षी वर सरकायला लागल्या. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांची अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याच अटी कायम ठेवल्या, आणि त्याच वर्षी नौपाड्यात चाळीस फुटांवर हंडी बांधली गेली. ती कुणी बांधली? दोरी कुणी ओढली, क्रेन कुणी आणली, लाखांचे आकडे फलकावर कुणी लिहिले? २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोपवला आणि वयाची अट चौदावर आली. २०२५ मध्ये वर्तकनगरला कोकण नगर पथकाने दहा थर लावले. दरवेळी उंची ठरवणारा व्यासपीठावर उभा होता आणि पडणारा रस्त्यावर. हंडी वीस फुटांवर बांधली तर कुठलं पथक दहा थर लावणार आहे?

धोका आहे म्हणून खेळ मूर्खपणाचा ठरत असेल, तर सह्याद्रीत दरवर्षी पावसाळ्यात कड्यांवरून आणि धबधब्यांत माणसं जातात, तेव्हा आपण काय म्हणतो? हळहळतो, दोर आणि मार्गदर्शक घ्यायला सांगतो, आणि पुढच्या शनिवारी आपल्याच मुलाला हरिश्चंद्रगडावर पाठवतो. गिर्यारोहण करणारा मुलगा धाडसी आणि थरावर चढणारा बेअक्कल, हा फरक धोक्याचा नाही. तो पाठीवरच्या सॅकच्या किमतीचा आहे.

स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात माणसांचे असेच मनोरे रचतात. तिथेही सगळ्यात वर लहान मूल चढतं, तिथेही खाली रेटा देणाऱ्यांची दाटी असते, तिथेही दहा थर लागतात. व्हिलाफ्रांकाच्या संघाने ते १९९८ मध्ये लावले. २००६ मध्ये तिथे एक मुलगी पडून गेली. त्यांनी काय केलं? मनोरे रचणाऱ्यांना वाया गेलेले ठरवलं नाही. मुलांसाठी हेल्मेट आणलं, सरावात जाळी वापरली, संघांनी वर्षभर शिस्तीत सराव चालू ठेवला, आणि २०१० मध्ये युनेस्कोने ती परंपरा मानवजातीच्या वारशात नोंदवली. तिथे सरावाला स्वतःच्या इमारती आहेत, इथे रिक्षा बाजूला करून सराव करावा लागतो. आता वरच्या मुलाला कमरेला दोर लावतात, काही ठिकाणी गाद्या अंथरतात, २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना सरकारी विमा मिळाला. हे सगळं हवंच होतं आणि याहून जास्त हवं आहे. पण ते मागण्यासाठी आधी ही मुलं आपली आहेत असं मानावं लागतं.

मुलींना पथकांत जागा नाही, हाही एक आरोप. तो करणाऱ्यांना महिलांची पथकं माहीत नाहीत. मुंबईतलं गोरखनाथ महिला पथक आहे, पार्ले स्पोर्ट्स क्लबच्या मुली आहेत; सहा-सहा थर लावून त्या सलामी देतात. ठाण्याच्या नाक्यांवर त्या येतात तेव्हा गर्दी ज्या आदराने वाट देते, तो आदर मी पाहिला आहे. जातीपातीचं मात्र मी गोडगोड बोलणार नाही. पथक गल्लीचं असतं आणि गल्लीची जी जात असते तीच बऱ्याचदा पथकाची असते. पण घेराला वजनदार माणूस हवा असला की शेजारच्या वस्तीतला मुलगा येतो, आणि एकदा त्याच्या खांद्यावर पाय ठेवला की जुनं अंतर पूर्वीसारखं राहत नाही. एवढंही आमची महाविद्यालयं करू शकलेली नाहीत. आमच्या कँटीनमध्ये कुठल्या टेबलावर कोण बसतं, ते कुणीही येऊन पाहावं.

पथकांना नाकं मुरडणाऱ्या याच घरांतला मुलगा अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथल्या एखाद्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात दाखल झाला की त्याच्या टी-शर्टवरची ग्रीक अक्षरं कौतुकाने दाखवली जातात. ओळखी होतात, नेतृत्व अंगी येतं, आयुष्यभराचे मित्र मिळतात, असं सांगतात. मिळत असतील. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी वादविवादासाठी फाय बीटा कॅपा स्थापन केली, तिथून ही प्रथा सुरू झाली. १९९८ मध्ये ऑस्टिनला भारतीय वंशाच्या मुलांनी स्वतःची डेल्टा एप्सिलॉन साय काढली. घरापासून लांब असलेल्या मुलाला आपली म्हणावी अशी माणसं हवी असतात, यात वावगं काही नाही. पण याच मंडळांत नव्या मुलांना आत घेताना दारू पाजून, छळून मारल्याच्या घटना घडल्या. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात असा एक विद्यार्थी गेला आणि शेवटी २०२४ च्या डिसेंबरात त्या देशाला महाविद्यालयांतल्या छळाबद्दल केंद्रीय कायदा करावा लागला. आपल्याकडेही महाराष्ट्राला रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये करावा लागला, २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला नियम करावे लागले. ते नाक्यावरच्या पथकांसाठी नव्हते. ते शिक्षणसंस्थांसाठी होते, त्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची वसतिगृहंही आली, म्हणजे गुणवत्ता यादीतली मुलंही. पथकात नवा मुलगा आला की त्याला पहिल्या दिवशी घेरात उभं करतात आणि कुणाचा पाय कसा पेलायचा ते शिकवतात. नव्याला छळलं तर तो खांदा काढून घेईल, आणि मग वरचा पडेल. या दोन्हींत माणूस घडवणारी रीत कुठली?

इतकं दूरही जायला नको. डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. फडके रोडवर ढोल वाजवणाऱ्या आपल्या मुलीचे फोटो आईवडील अभिमानाने सगळ्यांना पाठवतात, आणि पाठवावेतच. तिचाही महिनाभर सराव असतो, तिचाही आवाज लोकांना सहन करावा लागतो, तिच्याही रस्त्यावर वाहतूक अडते. पण ती संस्कृती, आणि चाळीतला मुलगा थराला लागला की तो धिंगाणा. असं का, याचं उत्तर मला अजून कुणी सरळ दिलेलं नाही.

आणि या मुलांनी जायचं तरी कुठे? आम्ही कॉलेजवाल्यांनी त्यांच्यासाठी काय शिल्लक ठेवलं आहे? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात पहिला येणारा प्रतिनिधी व्हायला लागला. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीर झालं आणि मग पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे आज विशीत असलेल्या मुलाच्या बापानेही कॉलेजात कधी मत दिलं नसेल. जिमखाना दुपारी बंद होतो. वार्षिक संमेलनाचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं जातं. तीन वर्षांत शंभर जणांना बरोबर घेऊन काही उभं करण्याची, पैशाचा हिशेब देण्याची, चुकलं तर सगळ्यांसमोर उत्तर देण्याची एकही संधी आम्ही त्या मुलाला देत नाही. ती त्याला गल्लीत मिळते. वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारा एक मुलगा रात्री दीडशे जणांच्या थराला शिट्टी देतो, वर्गणीची वही ठेवतो, पडलेल्याला घेऊन इस्पितळात जातो, त्याच्या आईला जाऊन सांगतो. हे सांगायला जाणं काय असतं, ते आमच्यातल्या किती जणांना जमेल?

माझं म्हणणं आता आडपडदा न ठेवता मांडते. ठाण्यातल्या महाविद्यालयांनी आषाढ-श्रावणात रात्री नऊ ते अकरा आपली पटांगणं पथकांना द्यावीत, क्रीडाशिक्षक आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस तिथे हजर ठेवावा. पालिकेने मंडपाची परवानगी देतानाच गाद्या, कमरेचा दोर आणि वैद्यकीय पथकाची अट घालावी, आणि ती मोडली तर परवानगी घेणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा, पोरांवर नव्हे. बक्षीस उंचीला देऊ नये, सगळे सुखरूप खाली उतरले त्याला द्यावं. चौदा वर्षांखालचं मूल थरावर दिसलं की हंडी तिथेच उतरवावी, मग व्यासपीठावर कोणीही असो. आणि एवढं झाल्यावरही ज्यांना तक्रार करायची असेल त्यांनी ती नाव घेऊन, अमक्याने अमकं केलं असं सांगून करावी. ‘पथकातली पोरं’ असा सरसकट शिक्का मारायचा तर तो आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत, माझ्यासमोर मारता येणार नाही.